घराण्याची जीभ

कारखान्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. पाठीमागे सगळे त्यांना 'जीभवाले' म्हणत आणि तोंडावर 'काका'. सरबताच्या प्रत्येक नव्या घाण्याची चव घेऊन बाटल्या बाहेर जाऊ द्यायच्या की नाही, हे त्यांची जीभ ठरवायची.

अकराची घंटा झाली की ते चवीच्या खोलीत प्रवेश करायचे. नुसते आत यायचे नाहीत, चक्क नाटकातल्या नटासारखा प्रवेश घ्यायचे. पांढरा कोट, हात पाठीशी, मान किंचित वर. दारात एक क्षण थांबायचे, जणू कुणीतरी श्वास रोखून वाट पाहत बसलंय. खोलीला खिडकी नव्हती. छताला लाल दिवा होता. लाल अशासाठी की त्या उजेडात सरबताचा रंग ओळखू येत नाही आणि डोळे जिभेला फितवू शकत नाहीत. मध्ये पांढरं टेबल आणि तीन खुर्च्या. प्रत्येक खुर्चीपुढे तीन पेले आणि थुंकायला स्टीलचं भांडं. तीनपैकी दोन पेल्यांत एकच सरबत असायचं, तिसऱ्यात वेगळं. वेगळा पेला हुडकायचा, मग त्यात काय कमी-जास्त झालंय ते सांगायचं, असा रिवाज.

पहिली खुर्ची त्यांची. त्यांच्याआधी ती त्यांच्या वडिलांची होती. दुसरी धाकट्या बहिणीची. तिला घरात काय आणि कारखान्यात काय, सगळे आत्याच म्हणत. तिसरी मुलाची. "जीभ रक्तातून येते, शिकवून येत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. बाहेरच्या माणसाला त्यांनी त्या टेबलाला कधी शिवू दिलं नाही. मॅनेजर आले-गेले, यंत्रं बदलली, बाटलीचा आकार बदलला, खुर्च्या मात्र घरातच राहिल्या. त्याहून मोठा अभिमान दुसराच होता. मुलगा टेबलाला बसल्यापासून पंधरा वर्षांत तिघांचं एकदाही दुमत झालं नव्हतं.

या जिभेपायी त्यांनी सगळं घर वेठीला धरलं होतं. घरात कांदा नाही, लसूण नाही, मिरी नाही. चहा कोमट. बायको होती तोवर तिनं सोसलं. ती गेल्यावर स्वयंपाकघर सुनेच्या गळ्यात आलं आणि नियमही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिची मिरपुडीची डबी स्वतःच्या हातानं केराच्या बादलीत रिकामी केली होती.  दुसऱ्या दिवशी तिनं तीच रिकामी डबी धुऊन-पुसून, चांगली लखलखीत करून, सासऱ्यांच्या ताटासमोरच्या फळीवर ठेवली. तेव्हापासून त्या घरात युद्ध सुरू होतं.

सून कारखान्यातच होती, तक्रारींच्या टेबलावर. पत्रं फोडायची, फोन घ्यायचे, काय-काय ते वहीत उतरवायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तोंडाची चवच बिघडली. साधं पाणी प्यायलं तरी किल्ली चोखल्यासारखं लागे. डॉक्टरांनी सांगितलं, जिभेच्या चवीची एक बारीक नस कानातून जाते, ती दुखावलीय, होईल हळूहळू बरी. जीभवाल्यांनी ते ऐकलं आणि आल्या-गेल्याला सांगत सुटले, "ऑपरेशन कानाचं आणि लोखंड जिभेला! स्वयंपाकाचा कंटाळा आलाय म्हणावं की सरळ." सात महिन्यांनी तिची चव परत आली. टोमणे मात्र चालूच राहिले.

अशात कारखान्यानं कमी साखरेचं नवं सरबत काढलं. साखर निम्मी आणि उरलेल्या गोडीसाठी एक पांढरी पूड. तिघांनी चव घेतली. "अंगाला जरा पातळ, बाकी फर्स्ट क्लास," जीभवाले म्हणाले. आत्यानं मान डोलावली, मुलानं सही केली. बाटल्या दुकानात गेल्या.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना सुनेनं तोंड उघडलं.

"बाबा, नव्या सरबताच्या बावन्न तक्रारी आल्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच. कडू लागतं."

"बावन्न खोटारडे."

"मीपण पिऊन पाहिलं. आधी गोड लागतं, मग मागून कडू येतं आणि घशाशी बसून राहतं."

जीभवाल्यांनी चमचा खाली ठेवला. "तू पाहिलंस? कुणाला विचारून?"

"दुकानात मिळतं की ते. विचारायचं काय त्यात?"

आत्या फिसकन हसली. "आली गं बाई, नवी परीक्षक आली! दादा, ऊठ रे, खुर्ची दे तिला."

"आत्या, तुम्ही तरी नीट आठवून बघा, शेवटी काही..."

"नीट?" जीभवाल्यांचा आवाज चढला. हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता, आणि समोर तर तीनच माणसं. "ही जीभ दोन वर्षांपूर्वी पाण्यात लोखंड शोधत होती. आता सरबतात कडू शोधते. उद्या म्हणेल, वारा खारट वाहतोय! अगं, तुझ्या तोंडातच कडू आहे, ते बाटलीला कशाला चिकटवतेस? कडूबाई!"

मुलगा ताटात बघत जेवत राहिला. सून उठली, आपलं ताट उचललं आणि जाताना म्हणाली, "कडूबाई तर कडूबाई. पण उद्या मी साहेबांकडे जाणार."

सोमवारी दुपारपर्यंत ते नाव कारखानाभर झालं होतं. ते पसरवायची मेहनत जीभवाल्यांनी स्वतः घेतली होती.

मॅनेजर सज्जन आणि घाबरट होता. त्यानं सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. शेजारी तपासणीच्या बाई बसल्या होत्या. आंबटपणा, साखर, जंतू असलं सगळं यंत्रावर मोजणाऱ्या, वर्षभरापूर्वीच नोकरीला लागलेल्या. त्यांनी सांगितलं, सरबतात भेसळ नाही, काही नासलेलं नाही.

"ऐकलंत?" जीभवाले म्हणाले. "यंत्रसुद्धा माझ्या बाजूनं."

"यंत्राला चव नसते, काका," बाई म्हणाल्या.

मॅनेजर कपाळ पुसत म्हणाला, "आठशे पेट्या गोदामात उभ्या आहेत. सोडू की थांबवू, एवढंच सांगा मला."

"सोडा!" जीभवाले म्हणाले. "हिच्या आजारी जिभेपायी कारखाना बंद ठेवता की काय?"

"माझी जीभ आजारी असती," सून शांतपणे म्हणाली, "तर मला सगळ्याच सरबतात कडू लागलं असतं. तेव्हा पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. आता जुनं सरबत मला छान लागतं. कडू फक्त नव्यात लागतं. मग आजारी कोण, मी की बाटली?"

तपासणीच्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं जीभवाल्यांना झोंबलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"तीन पेले मांडा हिच्यापुढे," ते गरजले. "बारा वेळा मांडा. निम्म्याहून जास्त वेळा हिनं नवं सरबत ओळखलं, तर मी खुर्ची सोडतो. कायमची! आणि नाही ओळखलं, तर ही नोकरी सोडून घरी बसेल आणि पुन्हा या कारखान्यात पाऊल टाकणार नाही. बोल, आहे हिंमत?"

"बाबा, काय हे?" मुलगा पहिल्यांदाच बोलला.

"तू गप्प बस."

"आहे," सून म्हणाली. "पण तेच बारा डाव तुम्हीही खेळायचे. आत्यांनी आणि यांनीही."

"खेळू की! डोळे मिटून खेळू."

दुसऱ्या दिवशी अकराची घंटा झाली. लाल दिवा लागला. एक चौथी खुर्ची आत आणली, आणि ती ठेवताना टेबलाला धक्का लागला म्हणून जीभवाल्यांनी ती आणणाऱ्या हमालाला दोन शिव्या हासडल्या. कधी नव्हे ती दारात गर्दी झाली होती. बाईंनी पेले भरले, बुडाला आकडे चिकटवले. एका गोष्टीची मात्र जीभवाल्यांना कल्पना नव्हती. नवं सरबत पातळ लागतं हे त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून बाईंनी त्यात थोडा डिंक घालून ते जुन्याइतकंच दाट करून आणलं होतं.

त्यांनी पहिला पेला घेतला. जिभेवर फिरवला, टाळूला लावला, थुंकला. कोमट पाण्यानं चूळ भरली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. 

तिन्ही सारखे होते. पातळपणा नाही, काही नाही. आजवर आपण नवं सरबत चवीनं ओळखतच नव्हतो, त्याच्या अंगावरून ओळखत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आता समोर तीन पेले, दारात सगळा कारखाना आणि जीभ मुकी. संवाद विसरलेल्या नटासारखी गत! पण जातिवंत नट संवाद विसरला तरी गप्प राहत नाही. जीभवाल्यांनी मान वर केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "दुसरा!"

बाराही वेळा ते तसेच ठणठणीत बोलले.  शेजारी सून घोट घ्यायची, कपाळावर एक आठी यायची आणि ती हळूच आकडा सांगायची. ती आठी त्यांना आवाजापेक्षा जास्त छळत होती. आठी येताक्षणी ते मनात म्हणायचे, नाटक करतेय. पण अशी ऐन वेळेला आठी आणणं सोपं नसतं, हेही त्यांना कळत होतं.

बाईंनी निकाल वाचला. "सूनबाई, बारापैकी अकरा. आत्या, पाच. चिरंजीव, तीन." मग जरा थांबून, "काका, चार."

दारात कुणीतरी शीळ घातली.

"चार म्हणजे काही अगदी..." मॅनेजर सावरायला गेला.

"तीन पेल्यांत आंधळेपणानं बोट ठेवलं तरी बारापैकी चार बरोबर येतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

जीभवाले ताडकन उठले. "हिनं बुडाचे आकडे पाहिलेत! सगळं ठरवून चाललंय. बाई आणि ही, दोघी मिळून!"

"मग तुम्ही मांडा पेले," सून म्हणाली. तिचे डोळे लाल उजेडात चकाकत होते. "तुमच्या हातांनी मांडा. मी पाठ करून उभी राहते."

त्यांनी मांडले. सहा वेळा.  ती सहाही वेळा बरोबर निघाली.

मग बाईंनी बाटल्या धुणाऱ्या दहा जणींना आत बोलावलं. सहा जणींनी तोंड वाकडं केलं. चौघींनी पेला रिकामा करून आणखी मागितला. एक म्हातारी म्हणाली, "कडू? कुठं कडू? साखर आहे नुसती! या पोरींना नखरे झालेत." आणि शेजारचीनं तिला कोपरानं ढोसलं, "आजी, तुझी जीभ बधिर झालीय." दोघी तिथंच जुंपल्या.

"कुणाची जीभ बधिर नाही," बाई म्हणाल्या. "कडू चव ओळखणारे वीस-पंचवीस निरनिराळे पहारेकरी असतात जिभेवर. एकेक पहारेकरी ठरावीक पदार्थांवर नजर ठेवतो. ते आपल्याला आईबापाकडून मिळतात आणि सगळ्यांचे सारखे नसतात. या पुडीचा कडवटपणा ज्या पहारेकऱ्याला कळायला हवा, तो काही जणांत जन्मापासूनच निजलेला असतो. काका, तुमच्या घरात तो निजलेला आहे. तुमचा, आत्यांचा. मुलालाही तुमच्याकडून आणि आईकडून तसाच आलेला दिसतो."

"मेलेल्या बाईला मध्ये आणू नका!"

"बरं, नाही आणत. बाकी तुमची जीभ चांगलीच आहे, माझा वाद नाही. एवढी एक चव सोडून."

"म्हणजे माझा बाप, ज्यानं या कारखान्याची पहिली बाटली चाखली, तो आंधळा होता?"

"त्यांच्या वेळी ही पूड नव्हती. आणि जीभ रक्तातून येते, हे तर तुम्हीच म्हणता. ते खरंच आहे. फक्त जे आहे ते येतं, तसं जे नाही तेही येतं. पंधरा वर्षं तिघांचं दुमत झालं नाही म्हणता ना? कसं होणार? खुर्च्या तीन होत्या, साक्षीदार एकच होता."

जीभवाले कोट न काढताच घरी गेले.

पुढचे तीन दिवस ते कारखान्यात फिरकले नाहीत. आठशे पेट्या गोदामातच राहिल्या. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, फक्त भांडी बोलत होती. दुसऱ्या दिवशी मुलानं जेवताना अर्धा कच्चा कांदा काढला आणि बापासमोर करकरून खाल्ला.

"लाज नाही वाटत?" जीभवाले म्हणाले.

"नाही. पंधरा वर्षं तुमच्या शेजारी बसून तुमच्या होला हो केलं, त्याची वाटते. मला कधी काही वेगळं लागलंच तर आधी तुमचं तोंड बघायचो मी."

आत्यानं त्या दिवशी नुसताच भात कालवला आणि ताटावरून उठून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर सासरे ओट्याशी पाठमोरे उभे. कारखान्यातून मागवलेली त्या पांढऱ्या पुडीची डबी उघडी होती आणि त्यात बोट बुडवून ते चाटत होते. पुन्हा पुन्हा. तिची चाहूल लागल्यावरही ते वळले नाहीत.

"कसं लागतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ते. कडू. सांग कसं लागतं."

तिनं विचार केला. "तापाची गोळी जिभेवर विरघळते तसं."

"ती मला कडू लागते. मग हे का नाही?"

"ते निराळं कडू."

"कडू ते कडू! त्यात निराळं काय असायचंय?" त्यांनी डबी ओट्यावर आपटली. पांढरी पूड उडाली, त्यांच्या बाहीवर, तिच्या हातावर. तिनं नकळत बोट ओठाला लावलं आणि तिच्या कपाळावर तीच आठी उमटली. ते तिच्याकडे बघत राहिले. आठीकडे. 

"म्हणजे ते तुझं लोखंड," ते शेवटी म्हणाले, "ते खरं होतं?"

"सात महिने खरं होतं. पाणीसुद्धा जात नव्हतं. आणि तुम्ही बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवत होता."

 ते म्हणाले, "हा ओटा पुसून घे," आणि बाहेर गेले. ओटा तिनं पुसला नाही. संध्याकाळपर्यंत पूड तशीच पडून होती, मग त्यांनीच येऊन पुसली.

चौथ्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना चवीच्या खोलीत बोलावलं. आठशे पेट्या बाहेर न सोडायचं ठरलं होतं. शिवाय चवीच्या टेबलासाठी बाईंच्या सांगण्यावरून नवा नियम आला होता: एका रक्ताच्या माणसांना तिथं एकच खुर्ची. उरलेल्या दोन बाहेरच्यांना.

"तेव्हा काका," मॅनेजर कागदाकडे बघत म्हणाला, "तुमच्यापैकी कोण राहणार ते तुम्हीच ठरवा. तुमचा अनुभव बघता, अर्थातच... म्हणजे ते परवाचं बोलणं आम्ही कुणी मनावर घेतलेलं नाही."

सून पुढे झाली. "बाबा रागात बोलले होते. मी काही ते धरून बसणार नाही."

जीभवाले गर्रकन वळले. "तू कोण मला माझ्या शब्दातून मोकळं करणारी? शब्द मी दिला होता! चारचौघांसमोर दिला होता! तुझ्या मोठेपणावर पोट भरायची वेळ आली नाही अजून माझ्यावर!"



"लिहा," ते मॅनेजरला म्हणाले. "खुर्ची आत्याची. आंबट तिला माझ्याआधी कळतं. नेहमीच कळत आलंय. लिंबाचा रस जुना झाला की ती भुवई उडवते, मग मी बोलतो."

 आत्याचा चेहरा तांबडा झाला. "हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"सुरुवातीपासून."

"सुरुवातीपासून! आणि आज सांगतोस? मेल्या, सगळी हयात तुझ्यामागे माना डोलावत घालवली मी, माझी जीभ दुय्यम म्हणून! आणि तू माझ्या भुवया वाचत होतास?"

"आता मिळाली ना खुर्ची?"

"भीक नको तुझी!" ती म्हणाली. पण म्हणता म्हणता जाऊन त्यांच्या जागेवर बसली, आणि बसताना त्यांनी वर्षानुवर्षं वापरलेली उशी खालून काढून जमिनीवर फेकली.

जीभवाल्यांनी उशी उचलली, झटकली, काखेत धरली. दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. दुसरी खुर्ची सुनेला मिळाली होती, तिसरी त्या बाटल्या धुणाऱ्या म्हातारीला, जिला काहीच कडू लागलं नव्हतं.

"आणि तू," ते सुनेला म्हणाले, "परवा एकदाही थुंकली नाहीस. बाराही वेळा घोट गिळलेस. गिळल्यावर मागच्या पेल्याची चव पुढच्यात मिसळते. अकरा म्हणून काय नाचतेस? थुंकली असतीस तर बारा आले असते."

"आणि तुम्ही बाराही वेळा थुंकलात," ती म्हणाली. "आले चार."

त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेर रिकाम्या पेट्यांची चळत होती, त्यातल्या एका पेटीवर उशी टाकून ते बसले.  घरी जायचं होतं, पण पाय उचलेनात.

अकराची घंटा झाली. आत पेले सरकल्याचा आवाज आला.  मग आत्याचा आवाज, "सगळं ठीक आहे."

"ठीक कसं? तिसऱ्यात कडू आहे," सून.

"काही नाही कडू-बिडू," म्हातारी. "पण पहिल्याला बाटली नीट न धुतल्याचा वास मारतोय. साबण राहिलाय."

"साबण? दाखव इकडे. तुला बाई जिकडे तिकडे साबणच दिसतो!"

"आत्या, थांबा जरा, मलाही काहीतरी..."

तिघी एकाच वेळी बोलू लागल्या. पंधरा वर्षांत त्या खोलीतून असा कलकलाट कधी ऐकू आला नव्हता. "काय गोंधळ आहे हा," जीभवाले स्वतःशीच पुटपुटले, "ही काय चव घ्यायची पद्धत झाली?" आणि म्हातारी साबणाबद्दल काय म्हणतेय ते नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी पेटी दाराच्या आणखी जवळ सरकवली.